ॲपची दुकाने अनेक : फायदा की गोंधळ?



या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणे, खते, कपाशीवरची बोंडअळी, केळीवरचा करपा अशा विषयांवर बोलतो. ते विषय आहेतच आणि पुढेही राहतील. पण आता त्यांच्या जोडीला एक नवे अवजार शेतात आले आहे. ते म्हणजे खिशातला मोबाईल फोन. सातबाऱ्यावर पीक लावायचे तर फोन, हमीभावाने कापूस घालायचा तर फोन, पीएम किसानचा हप्ता आला की नाही ते पाहायचे तरी फोनच. नशिराबाद, भादली, असोदा या भागात शिवारात फिरताना फवारणीच्या जोडीने एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, हे ॲप नेमकं घ्यायचं कुठून? फोनमध्ये दोन-दोन दुकानं दिसतात, आणि व्हॉट्सॲपवरही कुणीतरी पाठवलंय. यातलं खरं कोणतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज त्याच विषयावर थोडे सविस्तर बोलू या.

ॲपचे दुकान म्हणजे काय?

ॲप म्हणजे फोनमध्ये बसवायचे एक कामाचे साधन. ट्रॅक्टर एकच असतो, पण त्याला नांगर जोडला की नांगरणी होते, पेरणी यंत्र जोडले की पेरणी होते. तसेच फोनचे आहे. ई-पीक पाहणीचे ॲप बसवले की पिकाची नोंद करता येते, मेघदूत बसवले की हवामानाचा सल्ला मिळतो, दामिनी बसवले की विजेची पूर्वसूचना मिळते. ही साधने जिथून घ्यायची ती जागा म्हणजे ॲप स्टोअर, म्हणजेच ॲपचे दुकान.

आपल्याकडचे बहुतेक फोन अँड्रॉइड प्रकारचे असतात. त्यांत गुगलचे प्ले स्टोअर आधीपासूनच असते. सॅमसंगचा फोन असेल तर त्यात गॅलेक्सी स्टोअर नावाचे दुसरे दुकानही असते. फोनपे कंपनीने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडस ॲपस्टोअर नावाचे दुकान सुरू केले. केंद्र सरकारचे मोबाईल सेवा ॲपस्टोअर वेगळेच आहे. ते सी-डॅक या सरकारी संस्थेने उभारले असून तिचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. ॲपलच्या आयफोनला मात्र आपल्या देशात ॲपलचे स्वतःचे एकच दुकान आहे.

आता प्रश्न असा की, इतकी दुकाने असणे आपल्या हिताचे की गोंधळाचे?

एक दार आणि अनेक दारे

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना कापूस एकाधिकार खरेदी योजना चांगली आठवत असेल. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालावा लागे. खरेदीदार एकच. त्याचे फायदे नव्हते असे नाही. भाव आधी जाहीर होई, घासाघीस करावी लागत नसे, व्यापारी पैसे बुडवून पळाला असे होत नसे. पण चुकारे लांबले किंवा शेजारच्या राज्यात भाव चढा असला, तर शेतकऱ्याला दुसरे दार नव्हते. मग हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, गुजरातेत माल चोरून जाई, हेही खानदेशाने पाहिले आहे.

पुढे ते बंधन गेले. आज कापूस महामंडळाचे केंद्र आहे, जिनिंगवाला आहे, दारात येणारा खेडा खरेदीवाला आहे. दारे वाढली तशी सौदा करण्याची ताकद वाढली. मात्र काटा तपासण्याची जबाबदारीही आपल्यावर आली. कारण दहा खरेदीदारांत मापात पाप करणारा एखादा असतोच.

ॲपच्या दुकानांचे नेमके असेच आहे. एकच दुकान असले की सोपे जाते, पण त्या दुकानदाराची मर्जी सांभाळावी लागते. अनेक असली की निवड मिळते, पण डोळे उघडे ठेवावे लागतात.

अनेक दुकानांचा फायदा

पहिला फायदा भाषेचा. इंडसची मूळ कंपनी मुंबईची. राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे आयआयटी मुंबईच्या पदवीधरांनी, भारतीय भाषांत चालणारा फोन लोकांना मिळावा म्हणून २०१५ च्या सुमारास हे काम हाती घेतले. पुढे ती कंपनी फोनपेने घेतली. आज त्यांचे दुकान इंग्रजीखेरीज मराठीसह १२ भारतीय भाषांत पाहता येते. फोनची भाषा मराठी केली की प्ले स्टोअरही मराठीत दिसते. शेजारी दुसरे दुकान उघडले की जुना दुकानदारही गिऱ्हाइकाची भाषा बोलू लागतो, हा बाजाराचा नियमच आहे.

दुसरा फायदा आडतीचा. बाजार समितीत आडत आणि हमाली कापली जाते, तशी ॲपच्या दुकानातही एक कपात असते. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल सेवांवर मोठ्या दुकानांनी गेली काही वर्षे साधारण १५ ते ३० टक्के शुल्क आकारले आहे. हा भार वरवर ॲप करणाऱ्या कंपनीवर पडतो, पण शेवटी येतो गिऱ्हाइकाच्याच माथी. इंडसने सुरू होताना सांगितले की, ॲप करणाऱ्याने पैसे घेण्यासाठी स्वतःची व्यवस्था वापरली तर आम्ही त्यावर कमिशन घेणार नाही. अशा चढाओढीनेच आडत खाली येते. अर्थात, ई-पीक पाहणी, पीएम किसान, मेघदूत ही ॲप मुळातच फुकट आहेत. त्यामुळे हा फायदा आपल्या पदरात आजच मोजून पडेल असे मी सांगणार नाही. तो हळूहळू आणि आडवळणाने येणारा फायदा आहे.

तिसरा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. त्यांत लग्नाची स्थळे पाहण्याची आणि नोकरी शोधण्याची, लाखो लोकांच्या वापरातली ॲप होती. सरकारने मध्यस्थी केली आणि चार-पाच दिवसांत ती परत आली. पण यातून एक गोष्ट कळली. गावाला येण्याचा रस्ता एकच असेल आणि तो बंद झाला, तर सारे गाव अडते. दुसरी वाट असलेली बरी, मग ती रोज वापरा अगर न वापरा.

सरकारी पंचाने काय म्हटले?

सीसीआय म्हटले की आपल्याला कापूस महामंडळ आठवते. पण दिल्लीत याच आद्याक्षरांची आणखी एक संस्था आहे, भारतीय स्पर्धा आयोग. बाजारात कोणी बड्याने दांडगाई करू नये हे पाहणे तिचे काम. २० ऑक्टोबर २०२२ रोजी या आयोगाने गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. अँड्रॉइड फोनच्या बाजारातील आपल्या जोराचा कंपनीने गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवे असेल तर त्याने गुगलची इतर ॲपही सोबत घेतलीच पाहिजेत, हा त्यातला एक मुद्दा. युरिया हवा असेल तर सोबत ही बाटलीही घ्या, असे काही दुकानदार करतात ना? लिंकिंग म्हणतो आपण त्याला. तशातलाच हा प्रकार.

आयोगाने असेही सांगितले होते की, दुसऱ्या दुकानांना प्ले स्टोअरमधून मिळू द्यावे. प्रकरण अपिलात गेले. अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण दुसऱ्या दुकानांबाबतचा हा आदेश काढून टाकला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

जगातही हाच वाद चालू आहे. युरोपात नव्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची दुकाने येऊ द्यावी लागली. चीनमध्ये तर प्ले स्टोअर चालतच नाही. तिथे हुआवे, शाओमी, ओप्पो, विवो अशा प्रत्येक कंपनीचे आपापले दुकान आहे आणि लोक त्यातूनच ॲप घेतात. तेव्हा अनेक दुकाने म्हणजे काही आक्रीत नव्हे.

मग गोंधळ होतो कुठे?

आता नीट लक्ष द्या. आपल्या घरातील खरी अडचण इथेच सुरू होते.

इंडससारखे दुकान फोनमध्ये आधीपासून नसेल, तर ते कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते. तसे करताना फोन विचारतो, "अनोळखी ठिकाणावरून ॲप बसवण्याची परवानगी द्यायची का?" ही परवानगी म्हणजे फोनच्या दाराला असलेली कडी. प्रामाणिक दुसऱ्या दुकानदाराला आत घेण्यासाठी आपण कडी काढतो आणि पुन्हा लावायची विसरतो. मग त्याच उघड्या दारातून चोरही आत येतो. अनेक दुकानांमुळे होणारा मोठा गोंधळ तो हाच. दुकान दुसरे असले म्हणून तोटा होत नाही, कडी उघडी राहिली म्हणून होतो.

त्यातूनच तो व्हॉट्सॲपवरचा प्रकार घडतो. "पीएम किसानची नवी यादी पाहा", "तुमचा हप्ता थांबला आहे, लगेच केवायसी करा", "तुमच्या गाडीचे चलन फाडले आहे" असा निरोप येतो आणि खाली एक फाईल जोडलेली असते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. ती फाईल म्हणजे यादीही नव्हे आणि पावतीही नव्हे. ते एक ॲपच असते, पण कोणत्याही दुकानाबाहेरचे. ती दाबली की ॲप फोनमध्ये बसते आणि तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. पुष्कळदा हीच फाईल तुमच्या फोनवरून तुमच्या नात्यागोत्यात आपोआप पुढे जाते. म्हणूनच ती ओळखीच्या माणसाकडून आली तरी भरवसा ठेवू नका. मेहुण्याच्या नावाने आलेली फाईल मेहुण्याने पाठवलेली असेलच असे नाही.

आपण शेतकरी आहोत, तेव्हा बियाण्याचे उदाहरण घेऊ. नशिराबादेत काय किंवा जळगावात काय, कृषी सेवा केंद्रे अनेक असतात. त्यामुळे कोणी गोंधळत नाही. उलट या दुकानात वाण नसेल तर त्या दुकानात मिळतो. प्रत्येकाकडे परवाना असतो. पिशवीवर लॉट नंबर असतो, प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते, पक्के बिल मिळते. उगवण झाली नाही तर ते बिल घेऊन तक्रार करता येते. पण हंगामाच्या तोंडावर रात्री मोटरसायकलवर येणारा माणूसही असतो. तणनाशक सोसणारी कपाशी म्हणून तो मान्यता नसलेली पाकिटे देऊन जातो. त्याला ना दुकान, ना परवाना, ना बिल. पीक फसले तर जायचे कोणाकडे?

दुकाने चार असोत की दहा, त्यांना पाटी आहे, पत्ता आहे, जाब विचारायला माणूस आहे. एपीके फाईल म्हणजे मात्र तो रात्रीचा मोटरसायकलवाला. म्हणून "दुकाने किती?" हा प्रश्न दुसरा. "माल दुकानातला आहे की दुकानाबाहेरचा?" हा प्रश्न पहिला.

दुकानातला माल तरी खात्रीचा का?

दुकान नावाजलेले असले तरी पिशवी उलटीसुलटी करून पाहतोच ना आपण? इथेही तेच. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गुगलला आपल्या प्ले स्टोअरवरून कर्ज देणारी अडीच हजारांहून अधिक ॲप काढावी लागली. म्हणजे मोठ्या पाटीच्या दुकानातही खोटा माल शिरतो. फरक इतकाच की, तिथे तो काढून टाकणारे कोणीतरी आहे.

म्हणून ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत करणाऱ्याचे नाव असते, ते वाचावे. उदाहरणार्थ, पीएम किसानच्या खऱ्या ॲपखाली एनआयसी ईगव्ह मोबाईल ॲप्स असे लिहिलेले असते. एनआयसी ही केंद्र सरकारची संस्था. सरकारी योजनेच्या नावाखाली भलत्याच खासगी नावाची पाटी दिसली की थांबावे. सरकारी चिन्ह कोणीही छापू शकतो. चिन्हावर जाऊ नका, नाव वाचा.

यात आपले काय अडते?

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, ॲपच नको. पण तसे म्हणून आता भागत नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली तर नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभाव खरेदी या प्रत्येक ठिकाणी अडचण येते. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घालण्यासाठी कपास किसान या ॲपवर नोंदणी घ्यायला लावली. लांब धाग्याच्या कापसाला तेव्हा क्विंटलला ८११० रुपये हमीभाव होता. नोंदणी राहिली तर कापूस व्यापाऱ्याच्या भावाने जाणार. म्हणजे ॲप टाळले तर हक्काचा पैसा जातो आणि खोटे ॲप घेतले तर खात्यातला पैसा जातो. दोन्हींच्या मधली वाट म्हणजे खरे ॲप योग्य दुकानातून घेणे. ती अवघड नाही.

काय करावे?

१. घरच्या फोनसाठी एक दुकान ठरवून घ्या. फोनमध्ये आधीपासून असलेले प्ले स्टोअर बहुतेकांना पुरेसे आहे. दुसरे दुकान वापरायला हरकत नाही, पण ते फोनमध्ये आधीपासून असावे किंवा त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेले असावे.

२. जे ॲप ज्या दुकानातून घेतले, त्याची नवी आवृत्तीही त्याच दुकानातून घ्या. आज इथून, उद्या तिथून असे केल्याने घोळ होतो. ई-पीक पाहणीची जुनी आवृत्ती नव्या हंगामात चालेलच असे नाही, म्हणून नोंद करायला बांधावर जाण्यापूर्वी घरीच ॲप अद्ययावत करून घ्या.

३. व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसमधून आलेली एपीके फाईल कधीही उघडू नका. कोणत्याही सरकारी योजनेचा लाभ घ्यायला अशी फाईल लागत नाही.

४. आज घरी गेल्यावर फोनची कडी तपासा. सेटिंगमध्ये जाऊन ॲप्स, मग विशेष परवानग्या आणि त्यात "अनोळखी ॲप बसवणे" असे पाहा. फोनप्रमाणे शब्द थोडे बदलतात. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर यांच्यासमोरची परवानगी बंद असली पाहिजे. जमत नसेल तर शिकणाऱ्या मुलामुलींकडून करून घ्या.

५. ॲप कोणती परवानगी मागते ते पाहा. हवामानाच्या ॲपला ठिकाण विचारण्याचे कारण आहे. पिकाच्या ॲपला कॅमेरा लागतो. पण यादी दाखवणाऱ्या ॲपने तुमचे एसएमएस वाचायचे कारण काय? अशी मागणी आली की नाही म्हणा.

६. शंका आली तर ॲप बसवण्याआधी तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामपंचायत किंवा बँकेच्या शाखेत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

फसवणूक झालीच तर

घाबरून गप्प बसू नका. लोक काय म्हणतील म्हणून आठ दिवस कोणी सांगत नाही आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून जातो. प्रथम आपल्या फोनचे इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवून खाते थांबवा. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले होते. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तक्रार नोंदवून झाली की पोलीस ठाण्यातही जाऊन या. भगिनींनाही माझे सांगणे आहे. बचत गटाचे खाते ज्या फोनला जोडले आहे, तो फोन मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

शेतकरी बंधूंनो, फायदा की गोंधळ, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. दुकाने अनेक असणे हे आपल्या भल्याचेच आहे. केळीचे भाव पाहताना आपण रावेरकडेही पाहतो आणि बऱ्हाणपूरच्या लिलावाकडेही कान ठेवतो, त्यात आपले नुकसान होत नाही. पण माल घेताना पाटी पाहायची, नाव वाचायचे आणि पाटी नसलेल्याला दारातूनच परत पाठवायचे, ही सवय आपली आपणच लावून घेतली पाहिजे. बियाण्याच्या पिशवीबाबत ती आपल्याला केव्हाचीच आहे. तीच आता फोनच्या बाबतीत पाळायची, एवढेच.